सेवा क्लबमध्ये जायचंय? मग आधी सतरंजी उचला

जून संपत आला की आमच्या अमळनेरच्या चौकात पदग्रहणाचे फलक लागतात. नवा अध्यक्ष, नवा सचिव, गळ्यात पट्टा, बाजूला प्रमुख पाहुणे. रोटरी असो की लायन्स, दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, त्यामुळे आमच्याकडे कपाशीची लागवड आणि पदग्रहण एकाच हंगामात येतात. मग कुणीतरी तरुण दुकानात डोकावतो. "काका, मला पण यायचंय क्लबमध्ये. काय करावं लागतं?"

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. क्लबमध्ये २२ वर्षं झाली. एकदा अध्यक्ष, दोनदा सचिव आणि चार वर्षं खजिनदार होतो. सगळ्यात जास्त शिकलो ते खजिनदार असताना. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्या पोराला जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी पाहुणा म्हणून जा

अर्ज भरायची घाई करू नका. दोन-तीन बैठकांना पाहुणा म्हणून जा. कुठलाही बरा क्लब नाही म्हणत नाही. जो म्हणतो तिथे जायचं कारण उरत नाही.

पर्याय बरेच आहेत. जेसीजमध्ये १८ ते ४० वयाची मुलं असतात. इनरव्हील बायकांचा आहे. रोटरी-लायन्समध्ये पूर्वी फक्त पुरुष असत. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये बायकांना सदस्य करून घेतलं, तरी आमच्या भागातल्या कित्येक क्लबांत त्या अजून 'सौ.' म्हणूनच कार्यक्रमाला येतात. याशिवाय गावातलं ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे, एखादं जुनं मित्रमंडळ आहे. नाव मोठं म्हणून काम मोठं असतंच असं नाही.

बैठकीत गेलात की तीन गोष्टी विचारा, आणि सरळ विचारा. पहिली, वर्षाला एकूण किती पैसे लागतात? नुसती वर्गणी नको, 'एकूण' हा शब्द वापरा. आंतरराष्ट्रीय क्लबांत वर्गणीतला एक भाग प्रांताला (म्हणजे भागातल्या अनेक क्लबांच्या वरच्या संघटनेला) आणि मुख्यालयाला जातो, वर जेवणं, पदग्रहण, परिषदा, वाढदिवसाच्या जाहिराती. सुरुवातीला सांगितलेला आकडा आणि मार्चमध्ये खिशातून गेलेला आकडा यात बरंच अंतर पडतं. दुसरी, गेल्या वर्षी केलेल्या कामांपैकी आज कुठलं चालू आहे? पंचवीस उपक्रमांची यादी वाचून दाखवतील. त्यातली दोन जरी आज जिवंत असली तरी क्लब चांगला समजा. तिसरी, कामाच्या दिवशी किती जण येतात? याचं उत्तर तोंडी घेऊ नका, स्वतः एका कामाला जाऊन मोजा. फोटोला किती होते आणि फोटो झाल्यावर किती उरले, असं दोनदा मोजा.

पहिले तीन महिने

नव्या सदस्याला वाटतं की आपण काहीतरी नवीन कल्पना मांडावी. मांडा, पण दिवाळीनंतर. तोपर्यंत कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि अर्धा तास उशिरा निघा. सतरंज्या घाला, खुर्च्या मोजा, माइकवाल्याला गाठा, पाण्याच्या जारचे पैसे द्या. हे हलकं काम नाही. सतरंजी उचलताना जो माणूस दुसरं टोक धरतो, पुढची दहा वर्षं तुम्ही त्याच्याच भरवशावर काम करणार असता.

एक वही करा. प्रत्येक सदस्याचं नाव, धंदा, गाव आणि त्याला काय येतं ते लिहा. कुणाकडे पिकअप आहे, कुणाचा मेव्हणा तहसीलमध्ये आहे, कुणाला अहिराणीत दणदणीत बोलता येतं. हे शेवटचं फार उपयोगी पडतं. खेड्यावर शिबिर असलं की प्रमाण मराठीतलं छापील भाषण कुणाच्या डोक्यात शिरत नाही. "या, बठा, च्या ल्या" म्हणणारा एक माणूस असला की अर्धी गर्दी त्याच्या भोवती जमते.

बैठकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. विषय आधी कळवा, वेळेवर सुरू करा, तासाभरात संपवा, आणि ठरलेल्या प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. "आपण सगळे मिळून बघू" असं ज्या कामापुढे लिहिलंय ते होत नाही.

सोबत आधी, सेवा मागून

रोटरी सुरू झाली तीच सोबतीसाठी. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाला शिकागोसारख्या शहरात एकटं वाटत होतं. २३ फेब्रुवारी १९०५ ला तो आणखी तिघांबरोबर बसला. मग आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक घ्यायचं ठरलं, त्या आळीपाळीवरून रोटरी हे नाव पडलं. समाजसेवा दोन वर्षांनी आली, आणि पहिलं मोठं काम काय, तर शहरात सार्वजनिक शौचालय. मला हा क्रम पटतो. एकमेकांच्या घरचा चहा न प्यालेली माणसं मे महिन्यात एकमेकांसाठी उन्हात उभी राहत नाहीत.

हॉटेलातलं पनीर आणि टाळ्या यातून ही सोबत होत नाही. आपल्याकडे त्याला तयार रस्ता आहे, भरीत पार्टी. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला की वांग्यांचा हंगाम जोरात येतो. तिथून जानेवारीअखेरपर्यंत एखाद्या सदस्याच्या शेतात एक संध्याकाळ ठरवा.

करायचं असं. मोठी, हिरवी-पांढरट भरताची वांगी आणा. माणशी पाव किलोच्या थोडी वर धरा, चाळीस माणसांना बारा किलो पुरतात. आदल्या दिवशी कपाशीच्या वाळलेल्या काड्या गोळा करून ठेवा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, आणि गॅस असला की सगळे खुर्चीवर बसून राहतात. काड्यांच्या जाळाजवळ आपोआप घोळका होतो. वांगी भाजणं, साल काढणं, हिरव्या मिरच्या-लसूण ठेचणं, शेंगदाणे तळणं, कांद्याची पात चिरणं ही कामं डॉक्टर, वकील, व्यापारी असं न बघता वाटून द्या. साल सोलताना बोटं भाजली की मोठेपण गळून पडतं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकऱ्या मात्र करणाऱ्या बाईला पैसे देऊन करून घ्या. सदस्यांच्या बायकांना बोलवायचं आणि चुलीपुढे बसवायचं, ही कुठली सोबत?

आणखी दोन नियम. खर्च येणाऱ्यांनी डोईप्रमाणे वाटून घ्यायचा, सेवानिधीतला एक रुपया वापरायचा नाही. आणि त्या रात्री भाषण करायचं नाही. आमचं रक्तदात्यांच्या फोनयादीचं काम अशाच एका शेतात, रात्री दहाला, भाकरीचा तुकडा हातात असताना ठरलं. बैठकीत त्यावर चार महिने नुसती चर्चा चालली होती.

रक्तदान शिबिर पहिल्यापासून शेवटपर्यंत

नव्या सदस्याने एकच काम नीट शिकायचं ठरवलं तर हे शिकावं. यात तारीख, जागा, माणसं, आरोग्य, नोंदी सगळं येतं.

तारखेपासून सुरू करू. पुढाऱ्याचा वाढदिवस, जयंती, राष्ट्रीय सण या दिवशी तालुक्यात एकाच वेळी चार शिबिरं होतात. रक्त साठवून ठेवायला मर्यादा आहे. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. एका दिवशी पूर आणि दोन महिन्यांनी दुष्काळ, असं होतं. म्हणून आधी परवानाधारक रक्तकेंद्रात जा आणि विचारा, "तुम्हाला कधी कमी पडतं?" आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं, मे महिना. कॉलेजांना सुट्टी, लग्नसराई, पारा ४४-४५ वर. म्हणजे शिबिर उन्हाळ्यातच घ्यायला हवं, पण सकाळी सातला सुरू करून अकराला आवरायचं. केंद्राला तीन आठवडे आधी लेखी पत्र द्या आणि ते किती पिशव्या घेऊ शकतात तो आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या. त्याहून जास्त गोळा करायची चढाओढ नको. 'विक्रमी रक्तदान' हा शब्द फलकावरून काढायला आम्हाला सहा वर्षं लागली.

जागा तळमजल्यावरची घ्या. पंखे, चालू स्थितीतलं संडास-बाथरूम, नोंदणी, तपासणी, रक्त घेणं आणि विश्रांती यांसाठी वेगवेगळे कोपरे हवेत. दाता एका दाराने आत येईल आणि दुसऱ्याने बाहेर जाईल अशी मांडणी जमली तर गोंधळ निम्मा होतो. वीज जाणार हे धरून चाला आणि जनरेटरवाल्याला सांगून ठेवा.

दात्याचे मूळ निकष प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवेत. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देणारा साठीच्या आतला. वजन किमान ४५ किलो. हिमोग्लोबिन किमान १२.५. मागच्या रक्तदानाला पुरुषाचे तीन महिने आणि बाईचे चार महिने झालेले असावेत. पोटात काहीतरी गेलेलं असावं. श्रावणी सोमवार, नवरात्र, एकादशी या दिवशी उपाशीपोटी आलेल्यांना प्रेमाने परत पाठवा, कितीही आग्रह झाला तरी. औषधं, कावीळ, मलेरिया, गोंदण असलं काही निघालं तर निर्णय डॉक्टरांचा. आपण मध्ये पडून "घ्या हो साहेब, चांगला माणूस आहे" म्हणायचं नाही.

परत जाणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र माणूस ठेवा, हे माझं म्हणणं मी दरवर्षी रेटतो. हिमोग्लोबिन कमी म्हणून बाहेर येणाऱ्यांत बायका आणि कॉलेजच्या मुली जास्त असतात. चारचौघांत "तुझं नाही चालणार" ऐकून ती मुलगी पुन्हा कधी येत नाही. तिला बाजूला घेऊन आकडा कागदावर लिहून द्या, जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा, आणि तिलाही चहा-केळं द्या. ती रक्त द्यायला आली होती.

केळ्यांचा प्रश्न आपल्याला नाही. रावेर-यावलकडच्या कुठल्याही ओळखीच्या शेतकऱ्याला फोन केला की घड येतो. केळी, बिस्किटं, सरबत, आणि दिल्यानंतर पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवणं. लगेच उठून उन्हात मोटारसायकलला किक मारणारा तरुण हमखास भोवळ येऊन पडतो. एकदा आमच्या दारातच पडला, हनुवटी फुटली. तेव्हापासून विश्रांतीच्या खोलीच्या दारात आम्ही क्लबमधला सगळ्यात गप्पिष्ट माणूस बसवतो. त्याच्या तावडीतून वीस मिनिटं कुणी सुटत नाही.

हेल्मेट, बॅग, मिक्सर असली आमिषं ठेवू नका. भेटीसाठी आलेला माणूस आजार लपवतो. प्रमाणपत्र आणि आभार पुरेत.

आता खरं काम, जे बहुतेक क्लब विसरतात. शिबिर संपल्यावर आठ दिवसांत एका वहीत दात्यांची यादी करा: नाव, रक्तगट, गाव, फोन, कधी दिलं. फोन करायला चालेल का हे त्याच दिवशी विचारून लिहून घ्या. यादी एकाच माणसाकडे ठेवा, व्हॉट्सॲपवर टाकू नका. रात्री अकराला धुळ्याच्या एखाद्या दवाखान्यातून फोन येतो तेव्हा हीच वही कामाला येते, बॅनर नाही.

पाणपोई, आणि ती का बंद पडते

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. त्याच सुमारास गावोगाव पाणपोया सुरू होतात, फीत कापली जाते, आणि तिसऱ्या आठवड्यात रांजण कोरडे पडतात. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते तेव्हा तर पाण्याची खरी गरज असते.

कारण साधं आहे. रोज सकाळी रांजण घासून भरणं हे 'सदस्य आळीपाळीने' होत नाही. पांझरा नदीवरच्या सिंचनाच्या फड पद्धतीकडे बघा. शेकडो वर्षं ते बंधारे आणि पाट शेतकऱ्यांनी सामाईक चालवले, कारण पाणी सोडायला पाटकरी आणि पिकाची राखण करायला जागल्या ठरलेला होता, आणि त्यांचा मोबदलाही ठरलेला होता. पाणपोईलाही एक माणूस पगारावर ठेवा. सदस्यांनी फक्त आठवड्यातून एकदा जाऊन रांजणात हात घालून बघायचं, तळाशी शेवाळ आहे की नाही. झाकण, लांब दांड्याचं ओगराळं किंवा नळ, आणि वर सावली. एवढं ठेवा आणि ३० जूनपर्यंत चालवा.

सातपुड्यात जाताना

प्रत्येक क्लबला एकदा तरी धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे जावंसं वाटतं. जा. पण आमची फजिती आधी ऐका. एका जानेवारीत आम्ही गाडीभर वह्या आणि स्वेटर घेऊन एका पाड्यावर पोहोचलो. निम्म्या घरांना कुलपं. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीला परततात, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मुलं आईबापांबरोबर गेलेली. उरलेल्या दोन म्हाताऱ्यांना आम्ही लहान मुलांचे स्वेटर काय देणार?

तेव्हापासून जाण्याआधी दोन जण नुसते भेटायला जातात, रिकाम्या हातांनी. आशाताई, शाळेचे गुरुजी आणि गावातला एखादा कारभारी, या तिघांना विचारायचं. पावरी किंवा भिलोरी बोलणारा माणूस बरोबर हवा. 'गरजू' हा शब्द फलकावर लिहायचा नाही.

तिथे क्लबने करण्यासारखं एक काम म्हणजे सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिथल्या आदिवासी समाजात बराच आढळतो, आणि २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या निर्मूलनाचं अभियानही सुरू केलं. तपासणी दोन पायऱ्यांची असते, आधी साधी विद्राव्यता चाचणी, मग पक्क्या निदानासाठी प्रयोगशाळेतली तपासणी. चाचण्या आरोग्य विभाग करतो. क्लबने मध्येच आपलं वेगळं शिबिर उभं करू नये. आपलं काम दुसऱ्या पायरीनंतर सुरू होतं: निदान झालेल्या मुलाला महिन्याच्या तपासणीला न्यायला गाडी, बसभाडं, वेळेला रक्ताची पिशवी. इथे ती दात्यांची वही पुन्हा उघडते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे लग्नाआधी सांगणं गरजेचं, पण ते समुपदेशकाने सांगायचं, आपण माइकवरून नाही. आणि रुग्णाचं नाव किंवा फोटो कुठेही जाता कामा नये, क्लबच्या अहवालातसुद्धा.

नेत्रदानाचं थोडक्यात सांगतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीचा नंबर प्रत्येक सदस्याच्या फोनमध्ये हवा. डॉक्टर येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. घरच्यांना विचारायला धीर लागतो. तो आधीच्या ओळखीतूनच येतो.

पैसा

दोन खाती ठेवा, एक कारभाराचं आणि एक सेवेचं. सेवेसाठी लोकांनी दिलेला पैसा चहापाण्याला लागला की क्लब संपायला लागतो. काढायला दोन सह्या. पन्नास रुपयांचीही पावती. देणगी शक्यतो चेकने किंवा यूपीआयने घ्या. संस्थेला करसवलतीची मान्यता असली तरी २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हे आधी सांगितलं नाही तर मार्चमध्ये शिव्या खजिनदाराला पडतात.

स्वतःची नोंदणीकृत संस्था काढायची असेल तर किमान सात माणसं लागतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा लागतो, आणि मग धर्मादाय कार्यालयाशी कायमचा संबंध. दरवर्षी लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. दहा वर्षांपूर्वीच्या माणसांची नावं अजून कागदावर असलेल्या संस्था मला ठाऊक आहेत. त्यातले दोघे आता हयात नाहीत. तुमचं काम पाणपोई आणि एक शिबिर एवढंच असेल तर वेगळी संस्था काढू नका, असलेल्या एखाद्या संस्थेबरोबर करा.

भांडणं

होणार. अध्यक्षपदावरून, पाहुणा कोणत्या पक्षाचा यावरून, कधीकधी जातीवरून, आणि बहुतेक वेळा फोटोत कोण कुठे उभं होतं यावरून. मी एवढंच शिकलो की भांडणाचा विषय व्हॉट्सॲपवर मिटवायचा नाही. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या दुकानात जायचं, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचं आणि चहा मागवायचा. निवडणुकीच्या काळात क्लबच्या व्यासपीठावर उमेदवार नको, हा नियम लेखी करून ठेवा, नाहीतर दर पाच वर्षांनी क्लबचे दोन तुकडे होतात. नव्या मुलांना पद द्या, पण त्यांच्याबरोबर एक जुनं खोडही बसवा.

बैठकीची वेळ हाही भांडणाचाच विषय आहे, फक्त तो कुणी उघड बोलत नाही. रात्री साडेआठची बैठक व्यापाऱ्याला सोयीची असते. नोकरी आणि स्वयंपाक दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला ती कधीच जमत नाही, आणि मग आपणच म्हणतो की बायका येत नाहीत. महिन्यातली एक बैठक रविवारी सकाळी ठेवून बघा.

जूनमध्ये किल्ल्या देताना

वर्षाच्या शेवटी जुना सचिव नव्याला कपाटाची किल्ली देतो. नुसती किल्ली घेऊ नका, समोर बसून कपाट उघडा. इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तकं (वापरलेली आणि कोरी वेगवेगळी मोजून), बँकेचं पासबुक, दात्यांची वही, वजनकाटा, सतरंज्या किती आणि त्यातल्या मांडववाल्याकडे किती राहिल्या. प्रत्येक वस्तू लिहा आणि दोघांनी सही करा. आणि रांजणांचे पितळी नळ काढून कोणत्या पोत्यात ठेवलेत, तेही लिहून ठेवा. आम्ही दर आखाजीला नवे घेतो. माझ्याच दुकानातून.